डांबराच्या पिंपाचा बंब

आमच्या संघटनेच्या एका पत्रकात एक ओळ होती. 'बाळंतीण व नवजात बालक यांस नेहमी गरम पाण्याने स्नान घालावे.' हे पत्रक मी गठ्ठ्यानं वाटलं आहे. कुरखेड्याच्या बाजारात वाटलं, एटापल्लीच्या बाजारात वाटलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना उभं राहून वाचून दाखवलं. ओळीत खोटं काही नाही. पण ती लिहिणाराला पाणी कशावर तापवायचं हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो माझ्या बहिणीला पडला, आणि तिची पहिली मुलगी त्यात गेली.

ताईचं लग्न आमच्या धानाच्या गावातून थेट जंगलात झालं. भाऊजी गाडीवान. एटापल्लीच्या पुढं सागाची तोड चालते, तिथले ओंडके बैलगाडीनं सरकारी डेपोत आणून टाकायचे हे त्यांचं काम. डेपोच्या कुंपणाला लागून मजुरांच्या झोपड्या आहेत, बांबूच्या तट्ट्यांच्या. त्या वस्तीला तळ म्हणतात. हिवाळ्यात तट्ट्यातून वारा असा येतो की आत आणि बाहेर यात फरक फक्त अंधाराचा.

शहरातल्या माणसाला एक गोष्ट सांगून पटत नाही, म्हणून नीट सांगते. ही माणसं दिवसभर लाकूड तोडतात, ओढतात, रचतात, आणि यांच्याच चुलीला लाकूड नसतं. जंगलातून सरपण आणायचा हक्क गावाला असतो, त्याला निस्तार म्हणतात. पण तळ म्हणजे गाव नव्हे. तळ कागदावर कुठंच नाही. म्हणून तळावरच्या बाईनं वाळकी फांदी उचलली तरी ती चोरी. नाकेदार, म्हणजे जंगलाचा पहारेकरी, मोळी हिसकावून घेतो, कोयता ठेवून घेतो आणि वर शिव्या देतो. राहतात ते छिलपे. ओंडका कुऱ्हाडीनं तासताना उडतात ते पातळ तुकडे. बायका ते ओट्यात, म्हणजे लुगड्याच्या खोचलेल्या पदरात, भरून आणत. छिलपे भुर्रकन जळून जातात. त्यांच्यावर भात कसाबसा शिजतो. हंडाभर पाणी तापत नाही.

ताईची मुलगी पौषात झाली. त्या दिवशी घरात होते नव्हते ते छिलपे भातात गेले होते. पोरीला गार पाण्यानं पुसलं. तिचं अंग निळसर पडलं आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत ती गेली. मी तेव्हा चांद्याला संघटनेच्या शिबिरात होते. गरम पाण्याची ओळ असलेलं पत्रक तिथंच माझ्या हातात पडलं. ताईचा निरोप आला तेव्हा ते माझ्या पिशवीत होतं.

पुढच्या पावसाळ्यात कळलं की ताईला पुन्हा दिवस गेले आहेत आणि बाळंतपण पुन्हा पौषातच येणार आहे. मी पिशवी उचलली आणि तळावर राहायला गेले.

शिबिराच्या दिवसांत आम्हा मुलींची सोय एका वकिलाच्या घरी होती. त्याच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. बंबाची करामत साधी आहे. आग भांड्याच्या खाली नसते, पोटात असते. मधोमध एक उभी नळी, तिच्यात विस्तव, आणि नळीच्या भोवती पाणी. वाऱ्यावर उष्णता जात नाही, म्हणून मूठभर काटक्यांत बादलीभर पाणी कढत निघतं. मी विचार केला, छिलप्यांना हेच भांडं पाहिजे. तांबं कुठलं आणणार? पण सडकेच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं ठेकेदारानं नाल्यात फेकून दिली होती.

तळावर एक लोहार होता. कुऱ्हाडींना धार लावायचा, गाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा आणि दिवसभर स्वतःची तारीफ करायचा. मी त्याला पिंप दाखवलं.

"भाऊ, याचा बंब होईल का?"

"डेपोच्या साहेबाच्या बंगल्यावरच्या बंबाची चाळणी मीच करून देली, विचार कोनाले बी. मी केला ना, त साहेब आपला विकून माह्यावाला मागन."

"छिलप्यांवर चालेल ना पण?"

"छिलप्यावर काय, तुह्या कागदावर बी चालन. किती गठ्ठे हायेत तुह्याजवळ?"

आजूबाजूचे हसले. मला राग आला, पण काम होतं.

आधी पिंपातलं डांबर जाळलं. मोकळ्या मैदानात, झाकण पूर्ण काढून, तणस म्हणजे धानाचा पेंढा टाकून, सगळ्यांना लांब उभं करून. मग राख आणि वाळूनं घासलं, पुन्हा पुन्हा घासलं, पाण्याला वास येईना तोवर. दुसऱ्या एका पिंपाचा पत्रा वाकवून लोहारानं आगीची नळी केली, ती पहिल्या पिंपात मधोमध बसवली, सांध्यांना रिव्हेटा मारल्या आणि डाक दिला, म्हणजे कथील वितळवून फटी बुजवल्या. नळीच्या तळाशी मोडक्या धावेच्या तुकड्यांची जाळी, राख खाली पडायला. खाली एक पितळी तोटी, एटापल्लीच्या बाजारातून आणलेली. आगीची नळी वरच्या झाकणातून बाहेर निघे, छिलपे टाकायला आणि धूर जायला. तिच्याखेरीज झाकणात दोन तोंडं. एक पाणी ओतायला, त्यावर पत्र्याचं सैल टोपण. आणि दुसरं, अंगठ्याएवढी उभी नळी, कायम उघडी, वाफ जायला. पाणी भरून रात्रभर ठेवलं, जिथं पाझरलं तिथं पुन्हा ठोकलं. बसवला तो तट्ट्यांपासून लांब, सपाट दगडांवर, ठिणगी उडाली तर मातीत पडेल असा.

पहिल्यांदा पेटवला तेव्हा सगळा तळ जमला होता. लोहारानं बायकांना पुढं बोलावलं.

"आयका. आंधी पानी, मंग आग. पानी नसन आन् पेटवलं, त डाक वितळन आन् भांडं गेलं. पानी आगीच्या नळीच्या वरपर्यंत पायजे, अर्धं नाई चालत. आन् हे बारकी नळी हाय ना, हे याचं नाक हाय. नाक दाबलं त माणूस मरते. हे मरत नाई, हे मारते."

गर्दीत दाई होती. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड म्हातारी. तळावरचं प्रत्येक पोर तिच्या हातात आलं होतं, ताईची गेलेली मुलगीसुद्धा. पण तिचं नाव दुसऱ्याच कारणानं जास्त होतं. मोहाची दारू काढावी तर तिनंच. हंड्यावर हंडा ठेवून सांध्याला ती चिंधी गुंडाळून ओली माती लिंपायची, आणि तिच्या हंड्यातून वाफेचा एक धागा बाहेर दिसायचा नाही. ज्या बाईच्या हंड्यातून वाफ फुटते तिला टोल्यावर आळशी म्हणतात. वाफ गेली म्हणजे माल गेला, सकाळपासूनची मेहनत हवेत गेली.

दाई पिंपाभोवती एक चक्कर मारून आली आणि नळीतून निघणाऱ्या वाफेकडं बघत राहिली.

"चांगली वाफ जाऊन राह्यली वो," ती मला म्हणाली. "जीव तुटते पाहून."

"जाऊ द्या बाई. ती गेलीच पाहिजे."

"तुह्या कागदात दारू वाईट लिवली आन् गरम पानी चांगलं लिवलं. चूल त दोघाईले एकच लागते."

"दारूचं नंतर भांडू. आधी ताईचं बाळंतपण."

"त्याची चिंता नको करू. या खेपी पोरगं कढत पान्यानं न्हाईन. माह्या हातानं." असं म्हणून तिनं ताईच्या पोटावर हात ठेवला. ताई कितीतरी महिन्यांनी हसली.

दिवाळीनंतर बंब रोज चालू लागला. दोन बाळंतिणी त्याच पाण्यावर निघाल्या. म्हाताऱ्यांचे गुडघे शेकले गेले. मग एक दिवस डेपोचे साहेब तळावर आले. माणूस काही राक्षस नव्हता, नीट बोलायचा, म्हणूनच जास्त चीड यायची.

"हा प्रकार कोणाच्या परवानगीनं?"

"गरम पाण्याला परवानगी लागते?"

"पिंप कोणाचं आहे?"

"नाल्याचं."

"उद्या फुटलं तर जबाबदार कोण?"

"याला वाफेची वाट आहे. फुटणार नाही. आणि तुमच्या बंगल्यावरच्या बंबात साग जळतो साहेब, आमच्यात छिलपे. त्याची परवानगी कोणाची असते?"

साहेब वळून डेपोकडं चालू लागले. त्यांच्याबरोबर आलेला नाकेदार माझ्याकडं बघत होता. ताई नंतर मला म्हणाली, "काऊन तोंड लावलंस वो? तू बोलून जाशील, भोगाले आम्ही इथीच राहू." मी तिला भाषण दिलं. हक्काचं, माणुसकीचं, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि पाठ दाबायला सांगितली.

पौष लागायच्या सुमारास हुकूम आला की छिलपे हाही डेपोचाच माल आहे, तो विटांच्या भट्टीवाल्याला लिलावानं द्यायचा. माझ्या बोलण्यामुळं आला असं तळावर काही जण म्हणाले. मला ते मान्य नाही. असे हुकूम वरून येतात, पुष्कळ डेपोंवर आले असतील. बोललं नाही तरी येतात. त्या दिवसापासून नाकेदार संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचा आणि बायका ओटे झटकून दाखवून बाहेर पडायच्या. मी अर्ज लिहिला, संघटनेला कळवलं. संघटनेनं नवं पत्रक छापायचं ठरवलं.

ताईला कळा पहाटे सुरू झाल्या. उजाडता उजाडता भाऊजींनी दाईला आणलं. धुकं इतकं होतं की बैलांची शिंगं तेवढी दिसत होती. घरात दोन मुठी छिलपे होते, तेही कुठल्या कोपऱ्यातले, आणि थोडा पाचोळा. दाईनं ते पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"एवढ्यात का होते?"

"भाऊजी मागून आणतात कुठून तरी. तोवर पेटवा."

मी आत ताईच्या पाठीशी बसले, तिला धरून. भाऊजी झोपड्या-झोपड्या फिरत होते, पण कोणाकडं काय असणार? बाहेर दाईच्या हालचालीचा आवाज येत होता. मडक्यानं पाणी ओतल्याचा, फुंकल्याचा, मग काही थापटल्याचा. मधून आत येऊन ती ताईला बघून जायची, तिच्या बोटांना ओली माती होती, ती पदराला पुसायची. दाईच्या हाताला माती असायचीच. ते वेगळं असं मला काही वाटलं नाही.

तिनं काय केलं होतं ते तिनंच मागाहून सांगितलं. आग थोडी, म्हणून पाणी अर्धंच भरलं, लवकर तापावं म्हणून. आणि तेवढ्या आगीतली वाफ नळीतून जाताना पाहून तिच्यानं राहवलं नाही. तिनं चिंधी पिळून नळीत कोंबली, वरून माती लिंपली, पाण्याच्या तोंडावरचं टोपणही लिंपून टाकलं. लोहाराचं बोलणं तिनं ऐकलं होतं, विसरली नव्हती. पण आयुष्यभर तिच्या हातांनी वाफ राखली होती. पदरात चार छिलपे असताना त्या हातांना थांबवणार कोण?

मुलगा झाला. जोरात रडला. दाईनं नाळ कापली, त्याला फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, "धर. पानी आणतो." ही तिची रीत होती, बायकांत बसूनही ती आणतो, करतो असंच बोलायची. ती बाहेर गेली. मी पोराच्या कपाळावरचं ओलं टिपत होते.

झाड पडावं तसा आवाज झाला. तट्टा थरथरला आणि आत गरम धुकं शिरलं. ताई किंचाळली. मी पोराला तिच्या छातीवर टाकून धावले.

आगीच्या नळीचा सांधा उसवला होता, झाकण उडून बाभळीखाली पडलं होतं. दाई तोटीपाशी वाकली असणार. ती बसलेली होती, दोन्ही हात पुढं धरून, जणू कोणी तिच्या हातात काही द्यायचं बाकी होतं. हातांची कातडी सुटली होती. तोंडाची एक बाजू लाल होऊन फुगत होती. लोहार आला, त्यानं वाफेची नळी पाहिली, त्यात भाजून दगड झालेली माती पाहिली, आणि गार पाण्याचा हंडा आणून माझ्यापुढं ठेवला.

मी तिच्या हातांवर गार पाणी ओतत राहिले. शिबिरात तेवढं शिकवलं होतं. ती दातावर दात दाबून म्हणाली, "पोरगं धुतलं का?"

"धुते बाई. तुम्ही बोलू नका."

"थंड्या पान्यानं नको. मांगच्यासारखं नको करू."

भाऊजी रिकाम्या हातानं परत आले होते. ते दाईकडं बघत उभे राहिले. मग गाडीपाशी गेले आणि गाडीच्या दोन्ही बाजूंचा बांबूचा तट्टा त्यांनी ओरबाडून काढला. पायाखाली मोडला, दगडांच्या चुलीत घातला आणि वर मातीचं मडकं ठेवलं. तट्टा त्यांचा स्वतःचा होता. तो जाळायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पाणी कोमट झालं. शेजारणीनं पोराला पुसलं. त्याचा रंग बदलला नाही, तो तांबूस तो तांबूसच राहिला.

मग त्याच गाडीत तणस घालून दाईला निजवलं आणि एटापल्लीच्या दवाखान्याकडं निघालो. गाडीला आता बाजू नव्हत्या. वारा आरपार जात होता. मी माझ्या लुगड्याचं टोक आणि घोंगडी धरून आडोसा करत होते, पण वारा कुठं एका बाजूनं येतो? रस्ताभर ती कुडकुडत होती. मधेच म्हणाली, "वाफ जाऊ देली असती त पानी कोमट बी झालं नसतं. कितीशी आग होती ते?" मी घोंगडी आणखी घट्ट धरली. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी भांडले असते.

दाई वाचली. हात गेले. जखमा भरताना बोटं एकमेकांना चिकटली आणि आत वळली. आता तिला भाताचा घास सून भरवते.

साहेबांनी चौकशी केली. चौकशीत एकच शब्द लिहिला गेला, अडाणीपणा. मी तो त्यांच्या तोंडून ऐकला, त्यांनी हळहळून उच्चारला. मी विचारलं, "छिलपे कोणी बंद केले तेही लिहिलं का?" ते म्हणाले, त्याचा इथं संबंध नाही. नाक दाबलं कोणी, ते सगळ्यांनी पाहिलं. नाक दाबायची पाळी कोणी आणली, ते पाहायला कोणाला डोळे नाहीत. फुटकं पिंप घणानं चपटं करून डेपोत जमा झालं. मधे आमचा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात टाकला गेला. वाटलं होतं, सरकार नवं, नियम नवा. फाटकाशी ओटे झटकणं तेच आहे.

लोहारानं दुसरा बंब केला. मला न विचारता केला. त्याला झाकणच नाही. पिंपाचं वरचं तोंड अख्खं कापून टाकलं आहे, आगीची नळी मधून वर निघते आणि पाण्यावर नुसती एक लाकडी फळी सैल ठेवायची. लिंपायचं ठरवलं तरी लिंपता यायचं नाही. त्यानं तो दाईला नेऊन दाखवला. तिनं वळलेल्या हाताच्या मनगटानं फळी ढकलून पाहिली.

"सारीच वाफ जाईन यातून," ती म्हणाली.

"जाऊ दे ना वो बाई," लोहार म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता.

हा बंब कधीच फुटणार नाही. पण उघड्या तोंडाला आग जास्त लागते, आणि आग आमच्याकडं नाही. पावसाळ्यापासून बायका त्यात प्यायचं पाणी साठवतात.

ताईचा मुलगा आता धरून धरून चालतो. दाई आली की तिच्या हातांना हात लावून बघतो, ते वेगळे का आहेत हे त्याला कळत नाही. आता पुन्हा पौष आला आहे आणि लोहाराची बायको दिवसांत आहे. दाई तिच्या दाराशी बसून दुसऱ्या बाईला सांगते, पोट असं चाचप, इथी नाई, खाली. ती बाई घाबरते. दाई तिला शिव्या देते आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगते.

भाऊजींनी गाडीला नवा तट्टा विणला होता. हिरव्या बांबूचा, घट्ट, त्यांच्या हातचा सगळ्यात चांगला. काल ते कामावरून आले, बैल सोडले, तट्टा गाडीवरून काढला आणि बंबाला टेकवून उभा केला. लोहार भट्टीपाशी होता. त्यानं पाहिलं.

"काऊन काढला गा? गाडी उघडी पडली."

"वाळू दे," भाऊजी लोहाराच्या दाराकडं बघत म्हणाले. "तोवर वाळन."